नंदाला पत्र: आधी छाती, मग केसपेपर

प्रिय नंदे,

तुझं पत्र येऊन महिना झाला, रागावू नकोस. कारखान्याची मोळी पडली की आमच्याकडे खोकल्याचाही हंगाम लागतो. ऊसतोडीच्या टोळ्या येतात, वाळव्याची पहाटेची थंडी, कोपीत चुलीचा धूर आणि त्यातच झोपलेली लेकरं.

तू विचारलंस, दवाखान्याच्या दारात टेबल टाकून बसतेस म्हणजे करतेस काय? बसते कुठली! केसपेपर निघायच्या आधी एकेकाची छाती बघत फिरते. बोलताना कोण अडखळतंय, कुणाच्या नाकपुड्या फुलताहेत. खोकला 2 आठवड्यांच्या वर गेला असेल तर मास्क देऊन खिडकीशी बसवायचं, क्षयाच्या तपासणीसाठी थुंकीची डबी हातात द्यायची.

परवा चाळीसेक माणसं होती. पुढे एक आजोबा, खोकून छप्पर डोक्यावर घेतलेलं, पण ऑक्सिजन 97. सगळ्यांत मागे एक ऊसतोड बाई. पदराखाली 10 महिन्यांचं लेकरू, अगदी गप्प. मला त्या गप्प पोरांचीच धास्ती. "पेईना झालंय ओ," एवढंच म्हणाली. झबलं वर केलं तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. मिनिटाला 62 श्वास. या वयात 50 म्हणजेच धोका. ऑक्सिमीटर आकडाच दाखवेना, पाय बर्फासारखे गार. तळवा चोळून ऊब दिली तेव्हा 87 आला. तशीच उचलून डॉक्टरांकडे पळाले. मागून आजोबा, "माझा नंबर पयला हाय की!" ऑक्सिजन, औषधाचा पहिला डोस, 108 ची गाडी बोलावली आणि मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात.

तुला म्हणून सांगते, पहिल्या वर्षी मी अर्धाच मिनिट श्वास मोजून दुप्पट करायची. समोर रांग दिसली की घाई होतेच गं. पण तान्ही पोरं एका लयीत श्वास घेत नाहीत, मध्येच थांबतात, मग भराभर घेतात. असंच एक बाळ साधी सर्दी म्हणून घरी धाडलं, ते संध्याकाळी धापा टाकत परत आलं. वाचलं, पण ती रात्र मी जेवले नाही. आता काटा पूर्ण फिरू देते, आणि पोर रडत असेल तर शांत झाल्यावर पुन्हा मोजते. आमच्या रजिस्टरात या मिनिटाला रकाना नाही, हे मात्र खुपतं.

आठवड्याने ती बाई आली. पोर माझा चष्मा ओढत होतं. आजोबाही परत आले होते. दारातूनच विचारतात, "आज ल्हान पोर हाय का कोण? मग बसतो निवांत."

तुझीच,
शकू