बोन्साय-वनाला एक पावसाळा तरी द्या

महोदय,

आमच्या भागातील हौशी मंडळींनी भरवलेल्या मैत्रीपूर्ण स्पर्धेत यंदा 'बोन्साय-वन' (एकाच उथळ तबकात अनेक बोन्साय झाडे लावून उभारलेले छोटेसे वन) हा गट होता. मात्र लागवड आणि परीक्षण यांत जेमतेम पंधरा दिवस ठेवल्याने बहुतेक तबकांतील झाडे नुसती खोचल्यासारखी दिसत होती. माझ्याच तबकातील सात जेडपैकी (जाड, मांसल पानांच्या झाडांपैकी) दोन परीक्षकांसमोर कलंडली. मुळे तारेने तळाच्या छिद्रांतून बांधण्याचा कंटाळा मी केला होता, तो दोष अर्थात माझा.

झाडांची संख्या विषम असावी, सर्वांत उंच व जाड बुंध्याचे झाड मध्यापासून जरा बाजूला लावावे, समोरून पाहता कोणतेही तीन बुंधे एका रेषेत येऊ नयेत आणि बारीक रोपे मागे ठेवून खोली भासवावी, हे सारे एका दुपारीही साधते. परंतु मुळे एकमेकांत गुंतून वन एकजीव व्हायला किमान एक पावसाळा जावा लागतो. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानातील, अमेरिकी बोन्सायकार जॉन नाका यांच्या अकरा ज्युनिपरांच्या (सूचिपर्णी झाडांच्या) 'गोशिन' या बोन्साय-वनाची सुरुवात तर १९४८ची आहे.

म्हणून आयोजकांनी लागवड जूनमध्ये करवून घेऊन परीक्षण जानेवारीत ठेवावे, ही विनंती.

– एक बोन्सायप्रेमी, पुणे