धाकट्याच्या नोकरीबद्दल

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

धाकट्याला ड्रायव्हर म्हणून शिरोलीचा गाडीमालक कास्टिंगच्या (ओतीव लोखंडी मालाच्या) लाईनवर महिना 20,000 रोख देतो आणि दुधाच्या टँकरचा ठेकेदार 15,000 मूळ पगार अधिक भत्ता म्हणतो, हे बाबांनी फोनवर सांगितलं. माझं मत टँकरचं आहे. का, ते नीट लिहिते.

15,000 वर पीएफचे 12 टक्के, म्हणजे 1,800 त्याच्या पगारातून कापतात आणि तेवढेच मालकाला भरावे लागतात. मालकाच्या 1,800 मधले 1,250 पेन्शन खात्यात जातात. ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे 113 धरले तर व्यवसाय कर कापण्याआधी हातात 13,087 येतील, भत्ता वेगळा. ईएसआयमध्ये घरच्यांचाही दवाखाना होतो. तुमचं उत्पन्न मर्यादेत असेल तर तुम्हा दोघांचाही. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी भरावी लागते आणि ती 58 ला सुरू होते. मालक बदलला तरी यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, तोच द्यायचा. ड्रायव्हर मंडळी दर मालकाकडे नवा नंबर काढतात, मग वर्षं तुटक राहतात आणि दहा काही भरत नाहीत.

आता ते 20,000. लाईनवर वराई, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची हमाली कोण देणार, ई-चलन कोणाच्या नावावर, डिझेलचा ॲव्हरेज पडला तर कपात किती? घाटात, भरल्या गाडीला ॲव्हरेज पडणारच, त्यात ड्रायव्हरचा दोष नसतो. कंपनीच्या गेटवर गाडी दोन दिवस खाली व्हायची थांबली तर खोळंब्याचा भत्ता मिळतो का? हे सगळं तोंडी असेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. आणि उचल घेऊ देऊ नका, बाबा. उचल घेतली की फिटेपर्यंत मालक सोडता येत नाही आणि पगार वाढवून मागायला तोंड राहत नाही.

आई, उसाच्या ट्रॅक्टरचं म्हणशील तर तिथं टनावर पैसे बरे सुटतात, पण गळीत हंगाम संपला की पुढं काय? टँकर बारा महिने चालतो. दिवाळीलाही सुट्टी नसते, हे मात्र त्यानं आधीच मनाशी ठरवावं.

पुढची वाट लायसन्सवर आहे. त्याचं एलएमव्ही (हलक्या गाडीचं लायसन्स) एक वर्ष जुनं झालंय आणि वय 20 च्या पुढं आहे, म्हणजे आता हेवीचं (जड गाडीचं) शिकाऊ लायसन्स काढता येईल. ड्रायव्हिंग स्कूलचं प्रमाणपत्र आणि डॉक्टरचा फॉर्म 1ए (तब्येतीचा दाखला) लागेल. 2024 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालामुळं मालासह 7,500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी एलएमव्हीवर चालते, त्यामुळं मोठा टँकर मिळेपर्यंत छोट्या दूधगाडीवर हात बसवता येईल. हेवी झालं की धोकादायक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन लायसन्सवर तशी नोंद करून घ्यावी. पेट्रोल, गॅस, केमिकलच्या टँकरवर या नोंदीशिवाय बसवत नाहीत आणि ती असलेली माणसं कमी. खरी पगारवाढ तिथं आहे. एसटी किंवा केएमटीचा (कोल्हापूरच्या शहर बसचा) विचार असेल तर प्रवासी वाहतुकीचा बॅज आधीच काढून ठेवावा, भरती निघाल्यावर धावपळ नको.

ठेकेदाराकडं जाताना बाबा, तुम्ही सोबत जा. नेमणूकपत्र, मागच्या महिन्याचं ड्रायव्हरांचा पीएफ भरल्याचं चलन आणि गाडीच्या विम्यात ड्रायव्हरचं कव्हर आहे का, एवढं बघून घ्या. चलन दाखवायला टाळाटाळ केली तर मला लगेच फोन करा, तिसरी जागा बघू.

तुमची,
मोठी