सिनेटची व्याख्याने पश्चिम सिडनीतही व्हावीत
ऑस्ट्रेलियाच्या सिनेटच्या अध्यक्षांना खुले पत्र

महोदया,

सादर नमस्कार.

कॅनबेराच्या संसद भवनात सिनेटतर्फे, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहातर्फे, होणारी मोफत व्याख्याने मी ध्वनिमुद्रणावर आवडीने ऐकते. राज्यघटना, संसदीय समित्या, आदिवासींचे हक्क अशा विषयांवर जाणकार माणसे बोलतात आणि ती भाषणे पुढे छापूनही मिळतात. मोलाचे काम आहे हे. पण व्याख्यान शुक्रवारी भर दुपारी, तेही कॅनबेरात. पश्चिम सिडनीतल्या ब्लॅकटाउनच्या माणसाला समोर बसून एखादा प्रश्न विचारायचा असेल, तर रजा टाकून तीन तास गाडी चालवावी लागते.

माझी मागणी एवढीच, की यातली काही व्याख्याने पॅरामॅटा, ब्लॅकटाउन, लिव्हरपूलच्या ग्रंथालयांत, संध्याकाळी किंवा शनिवारी ठेवा.

गरज कुठे आहे ते मतपेटीच सांगते. न्यू साउथ वेल्सच्या विधानसभेसाठी एका नावापुढे नुसता 1 लिहिला तरी मत चालते. केंद्राच्या प्रतिनिधिगृहासाठी मात्र सगळ्या उमेदवारांपुढच्या चौकटींत पसंतीक्रमाचे आकडे भरावे लागतात. एकाच मतदाराला दोन निवडणुकांत दोन नियम! फाउलर, ब्लॅक्सलंडसारख्या, घरोघरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलणाऱ्या मतदारसंघांत बाद मतांचे प्रमाण खूप जास्त असते, त्याचे हे एक ठळक कारण. गेल्या निवडणुकीत शेजारच्या काकू मतदान केंद्राच्या दारात चार पक्षांची चार पत्रके हातात धरून उभ्या होत्या. "यांनी छापलाय तोच क्रम लिहावा लागतो का गं?" क्रम आपला आपण ठरवायचा असतो, हे त्यांना इतक्या वर्षांत कुणी सांगितलेच नव्हते.

आदिवासींच्या सल्लागार मंडळाला राज्यघटनेत स्थान द्यावे का, यावरच्या 14 ऑक्टोबर 2023 च्या सार्वमतात हे फारच जाणवले. त्याआधीचे सार्वमत 1999 चे. मधल्या 24 वर्षांत नागरिक झालेल्या कुणीच घटनादुरुस्तीवर कधी मत दिले नव्हते. देशभरात बहुमत हवे आणि सहापैकी चार राज्यांतही हवे, हे आमच्यातल्या कित्येकांना निकालाच्या रात्री कळले. त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. घरी पितरांसाठी पान वाढून आम्ही या भूमीच्या मूळ रहिवाशांबद्दल मत द्यायला गेलो, तेही व्हॉट्सअॅपवर आलेल्या मजकुराच्या भरवशावर. कौल काहीही लागो, इतका मोठा निर्णय असा घ्यावा लागू नये.

मी पुण्याची. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला तिथे अजून भरते. ऑफिस सुटल्यावर माणसे येऊन बसतात, वक्त्याशी असहमत असली तरी शेवटपर्यंत ऐकतात. तशी माणसे इथेही आहेत, महोदया. त्यांना परवडेल अशा वेळी, जवळपास व्याख्यान हवे आहे.

सभागृहाची मांडामांड, चहा आणि मराठी दुभाषी आम्ही बघू. पहिला विषय मतपत्रिकेचा ठेवावा, आणि तो पुढच्या केंद्रीय निवडणुकीच्या बऱ्याच आधी, ही विनंती.

आपली,
पश्चिम सिडनीतील एक मतदार