फऱ्याची लस मृगाआधी, चिखलाच्या जखमेला टाके नकोत

संपादक महोदय,

मृग तोंडावर आला आहे. पहिल्या पावसानं कोवळं गवत फुटलं की मराठवाड्याच्या काळ्या रानात एकाच मातीतून दोन दुखणी वर येतात : जनावरांचा फऱ्या आणि माणसांचा गॅस गँगरीन, म्हणजे जखमेतलं मांस झपाट्यानं मरण्याचा रोग. दोन्हींचे जंतू क्लॉस्ट्रिडियम कुळातले. फऱ्याचा जंतू शोव्हिआय, माणसाच्या जखमेत बहुतेक वेळा परफ्रिंजन्स. प्राणवायू नसेल तिथंच ते वाढतात आणि त्यांचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं तग धरतात. फऱ्या झालेल्या जनावराजवळ गेल्यानं माणसाला गँगरीन होतो, ही भीती मात्र निराधार आहे. दोघांनाही जंतू मिळतो तो मातीतून.

आधी गोठ्यातलं. फऱ्या धरतो तो बहुधा सहा महिने ते दोन वर्षं वयाच्या, अंगानं भरलेल्या कालवडी-गोऱ्ह्यांना. मरतुकडं वासरू वाचतं आणि कळपातलं सगळ्यात देखणं जातं, म्हणून गावात त्याला दृष्ट म्हणतात. गाई-बैलांत याला जखम लागत नाही. चरताना पोटात गेलेले बीजाणू मांसात जाऊन गप्प बसतात. धडक बसली, मुका मार लागला की त्या ठिकाणचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते जागे होतात. शेळ्या-मेंढ्यांत मात्र लोकर कातरताना, खच्चीकरणात किंवा विताना झालेल्या जखमेतून आजार शिरतो.

खुणा नावातच आहेत. फरा म्हणजे मांडीचा किंवा खांद्याचा मांसल भाग, आणि फऱ्याचं दुसरं नाव एकटांग्या, म्हणजे एक पाय उचलून धरणारा. काल चरणारं जनावर आज लंगडतं, रवंथ थांबतो, ताप १०६-१०७ अंश फॅरेनहाइटवर जातो. सूज आधी गरम आणि दुखरी असते. काही तासांत ती थंड पडते, बधिर होते आणि दाबली की आत वाळका पापड मोडल्यासारखी कुरकुर लागते. बहुतेक लोक या कुरकुरीची वाट पाहतात. ती लागते तोवर आतलं मांस मेलेलं असतं, आणि सूज थंड पडली म्हणजे उतार पडला असं मानणं तर सगळ्यात घातक. लंगडणं दिसल्यापासून मरणापर्यंत पुष्कळदा १२ ते ४८ तासच मिळतात. म्हणून पावसाळ्याच्या तोंडाला तरणं जनावर अचानक लंगडलं आणि अंगात ताप असेल, तर सूज येण्याआधीच पशुवैद्यकाला बोलवा किंवा पशुवैद्यकीय मदतीच्या १९६२ क्रमांकावर फोन करा.

उपचार पेनिसिलिनचा, पण मात्रा पुरेशी हवी. किलोमागे ४४ हजार युनिट धरले तर २०० किलोच्या गोऱ्ह्याला एका वेळी ८८ लाख युनिट लागतात. ४० लाखांची एक कुपी टोचून भागत नाही. पहिला डोस शिरेतून क्रिस्टलाइन पेनिसिलिनचा, नंतर जास्त वेळ टिकणारं प्रोकेन पेनिसिलिन. थोडं औषध सुजेच्या कडेला, जिथं मांस अजून जिवंत आहे तिथं. हे काम पशुवैद्यकाचंच. मेलेल्या मांसात रक्त जात नाही, म्हणून औषधही पोचत नाही, आणि उशीर झाल्यावर कितीही पेनिसिलिन दिलं तरी उपयोग होत नाही. डागणी देण्याबद्दल एकच सांगतो : कातडी जळते, जंतू खोल मांसात तसाच राहतो, आणि हाताशी असलेले तास निघून जातात.

खरा उपाय लस. ती सहा महिन्यांपुढच्या प्रत्येक वासराला, दरवर्षी, पावसाआधी. पुण्याच्या पशुवैद्यकीय जैविक उत्पादन संस्थेतही ती तयार होते. नेहमीची तुरटीयुक्त मृत लस मोठ्या जनावराला ५ मिली कातडीखाली देतात. घटसर्प किंवा लाळ्या-खुरकूत यांच्याबरोबरच्या एकत्रित लशीची मात्रा आणि टोचण्याची जागा वेगळी असते, म्हणून बाटलीवरचं वाचूनच टोचावं. प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात. मग जुलैत, शेजारच्या शेतातल्या आखाड्यावर जनावर मेल्यावर केलेल्या धावपळीचं काय होतं? आधीच लागण झालेलं एखादं लस दिल्यावर दगावतं आणि सारा गाव लशीला दोष देतो. साथ आलीच असेल तर कळप त्या कुरणातून हलवून उरलेल्यांना लशीबरोबर पेनिसिलिनचंही संरक्षण द्यावं.

लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहावी. बर्फाला चिकटून ती गोठली, तर तुरटीचे कण गुठळ्या धरतात आणि ती निकामी होते. वरून बाटली नवीच दिसते, म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही. लस टोचल्या जागी गाठ येते, दूध एखाद-दोन दिवस थोडं कमी होतं. हे आधी सांगितलं तर पशुपालक पुढच्या वर्षी दार लावून घेत नाही. आणि सुई प्रत्येक जनावराला वेगळी. मळक्या सुईनं मांसात टोचून याच कुळातले दुसरे जंतू आत सोडल्याची उदाहरणं पशुवैद्यकाला नवी नाहीत.

आता माणसाचं. मळणी यंत्रात सापडलेला हात, ऊसगाडीखाली चिरडलेला पाय, बैलाचं शिंग खोल गेलेली मांडी, हाड बाहेर आलेलं मोडणं : जखम खोल, मांस ठेचलेलं आणि आत माती. इथं दोन चुका नेहमी होतात. पहिली, ‘टीटी घेतलं, आता काळजी नाही.’ टीटी धनुर्वातासाठी आहे. ते घ्यावंच, पण गॅस गँगरीनवर त्याचा काही परिणाम नाही आणि माणसासाठी या रोगाची लसच नाही. दुसरी चूक, जखम घट्ट शिवून टाकणं. टाके घातले की हवा बंद, आणि जंतूला हवं तेच मिळालं. अशी जखम भरपूर पाण्यानं धुवायची, मेलेलं मांस आणि माती कापून काढायची आणि ती उघडीच ठेवायची. टाके काही दिवसांनी, ती स्वच्छ दिसल्यावर. हळद, शेण, तंबाखू भरू नये. उघड्या जखमेवरून हाडवैद्याच्या कामट्या करकचून बांधणं तर आगीत तेल ओतणं आहे.

पहिली खूण वेदना. जखम वरून बरी दिसते, पण रुग्ण वेदनेनं तळमळतो. दुखापतीनंतर काही तासांत ते दोन-चार दिवसांत असं झालं की पट्टी सोडून बघा. ताप जेमतेम आणि नाडी मात्र फार वेगात, कातडी आधी फिकट-ताणलेली, मग तांब्याच्या रंगाची, पुढं जांभळट आणि फोडांनी भरलेली. पातळ तपकिरी पाणी, गोडसर कुजका वास. इथंही कुरकुर उशिरा येते. एक्स-रेमध्ये स्नायूंच्या धाग्यांमधून पिसासारखी हवा दिसते, पण ती दिसली नाही म्हणून रोग नाही असं होत नाही. जखमेतलं पाणी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं (ग्राम रंगकाम) तर जाडजूड दंडाकार जंतू दिसतात आणि पांढऱ्या पेशी अगदी थोड्या, कारण जंतूचं विष त्यांचाही फडशा पाडतं. त्याच विषानं रक्तवाहिन्या बुजतात.

म्हणून पहिलं औषध चाकू. जे मांस कापल्यावर रक्त देत नाही आणि चिमटा घेतल्यावर आकसत नाही, ते काढायचंच, लागल्यास अवयवही, आणि २४ तासांत पुन्हा उघडून बघायचं. सोबत शिरेतून पेनिसिलिन जी ३० ते ४० लाख युनिट दर ४ तासांनी आणि क्लिंडामायसिन ६०० ते ९०० मिग्रॅ दर ८ तासांनी. क्लिंडामायसिन जंतूचं विष बनवणंच थांबवतं, म्हणून ते वगळू नये. जास्त दाबानं प्राणवायू देणाऱ्या खोलीच्या उपचारासाठी शस्त्रक्रिया खोळंबवू नये. तालुक्याला सोय नसेल तर जखम उघडी करून, पहिला डोस देऊन, १०८ रुग्णवाहिकेनं घाटी (छत्रपती संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय), अंबाजोगाई किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात त्याच तासाला पाठवावं.

राहता राहिलं मेलेलं जनावर. त्याचं कातडं काढू नये, ओढ्यात फेकू नये. तिथं सांडलेले बीजाणू पुढची कित्येक वर्षं त्या कुरणात राहतील. नाका-गुदातून काळं न गोठणारं रक्त येत असेल तर तो फाशी रोग असू शकतो, आणि तो माणसालाही होतो. तेव्हा विम्याच्या शवविच्छेदनासाठीसुद्धा अंगाला सुरी लावू देऊ नका. पशुवैद्यक कानाच्या शिरेतलं थेंबभर रक्त काचेवर घेऊन तपासतील. नंतर सहा फूट खड्डा, खाली-वर चुना, आणि कानातला बिल्ला काढून जपून ठेवावा. विम्याच्या दाव्याला तो लागतो.

आपले,
एक पशुवैद्यक व एक शल्यचिकित्सक, परभणी