दिग्यास पत्र: हात कधी वर करायचा?

प्रिय दिग्या,

तुझ्या तीन मेसेजना उत्तर दिलं नाही म्हणून तू फुगून बसला असशील. बस. फोन केला असता पण तू मधेच तुझं सुरू करतोस आणि मग माझं राहूनच जातं, म्हणून म्हटलं टाइपच करतो, निदान शेवटपर्यंत वाचशील तरी. तब्येत ठीक, गुडघा कुरकुरतो पण पळू देतो. आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, छान दिसतंय तिला आता, तुझ्या पोटाबद्दल विचारत होती.

आता मुद्द्याचं. रविवारी फुटबॉलच्या सेमीफायनलला मी फ्लॅग घेऊन लाइनवर, असिस्टंट रेफरी, आणि शिट्टी घेऊन मधे मुख्य रेफरी, आपले मास्तर. शेवटची दहाएक मिनिटं, एक-एक. त्यांच्या मिडफिल्डरने मागून उंच बॉल टाकला, डिफेन्सच्या डोक्यावरून. त्यांचा नऊ नंबर ऑफसाइड, म्हणजे पास निघाला तेव्हा शेवटच्या डिफेंडरच्याही पलीकडे, गोलच्या बाजूला, आणि बारीकसारीक नाही, अख्खं पाऊल पुढे, त्याबद्दल माझ्याशी कोणी वाद घालू नये. पण अकरा नंबर माझ्या बाजूने मागून सुटला होता, तो चोख ऑनसाइड, माझ्या नाकासमोरूनच गेला. बॉल पडतोय दोघांच्या मधे, आणि समोरून कीपर सुसाट बाहेर.

पुढे काय करायचं असतं ते तुला मी सांगणं म्हणजे कमालच, पण सांगतो, कारण माझं सगळं तिथेच अडकलंय. नऊ नंबर ऑफसाइड जागेवर आहे हा गुन्हा नाही. तो खेळला, किंवा कीपरच्या आड आला, त्याला भिडला, तर गुन्हा. अकराने बॉल घेतला आणि नऊ बाजूला झाला तर खेळ चालू. म्हणून थांबायचं. फक्त दोन ठिकाणी थांबायचं नाही: बॉलपर्यंत दुसरा कोणी ऑनसाइडवाला पोचूच शकत नाही असं दिसलं तर, आणि धडक होणार असं वाटलं तर.

माझा फ्लॅग वर गेला. मास्तरांनी शिट्टी मारली. नऊ नंबर आणि कीपर एकमेकांच्या दोन हातांवर येऊन थांबले, आणि अकरा नंबरने शिट्टीनंतर निवांत बॉल रिकाम्या गोलात ढकलला. त्यानंतर जे झालं ते तुला वेगळं सांगायला नको. बेंचवरचा एक जाडा तर टेक्निकल एरिया, टचलाइन सगळं ओलांडून आला माझ्यापर्यंत, मास्तरांनी त्याला पिवळं दाखवलं तेव्हा कुठे गेला. पेनल्टीवर हरले ते. म्हणजे आता जन्मभर तो गोल माझ्या नावावर.

शिव्यांचं काही नाही रे, १९९६ला आपलं नाव लाइन्समनचं असिस्टंट रेफरी झालं तरी बेंचला अजून तो शब्द तोंडात बसेना, त्यांनी आपल्याला काय म्हणावं यावर मी विचार करणं सोडलंय. निर्णय नियमात बसतो, निरीक्षकानेही तेच सांगितलं. माझी अडचण वेगळीच आहे. मी धडक येताना पाहिली आणि म्हणून हात वर केला, की हात आधीच वर गेला आणि धडकेचं कारण मी नंतर चिकटवलं? मला आठवतच नाहीये. तो अर्धा सेकंद मेंदूतून पुसलाच गेलाय.

बरं, त्याच मॅचमधे फाऊलला मी एकदम थंड होतो, हेच तर विचित्र आहे. पहिल्या हाफमधे माझ्यापासून चार पावलांवर त्यांच्या विंगरची जर्सी ओढली, चांगली मूठभर. मास्तरांच्या आणि त्याच्या मधे दोन रुंद पाठी. मी मास्तरांकडे बघितलं, ते मान लांब करून शोधत होते, म्हणजे त्यांना दिसलेलं नव्हतं. पहिला प्रश्न सुटला. दुसरा प्रश्न, दिसलं असतं तर त्यांनी अॅडव्हान्टेज दिला असता का, म्हणजे फाऊल झालेल्या टीमचा फायदा बघून खेळ चालू ठेवला असता का? बॉल घरंगळत त्यांच्याच दुसऱ्या पोराकडे गेला, समोर मोकळं रान. दिला असता. फ्लॅग खाली. त्या पोराने पुढे जाऊन बॉल बाहेर घालवला ते त्याचं नशीब, मागून बेंच ओरडत राहिला. पण मला ते सगळं क्रमाने आठवतंय बघ, मूठ, पाठी, मास्तरांची मान, बॉल. नंतर पेनल्टी बॉक्सच्या कडेवर एकाला पाडलं तेव्हाही तसंच, आधी मास्तरांशी नजरानजर, ते जवळच होते आणि हाताने खेळा खेळा करत होते, म्हणजे त्यांनी बघून नाकारलं, मग मी कशाला फ्लॅग हलवत कॉर्नरकडे चालत सुटू?

फाऊलला डोकं आधी, हात नंतर. आणि कीपर बाहेर निघाला की हात आधी. हे कधीपासून झालं ते तुला माहितीये आणि मलाही.

त्या मॅचचं नाव काढायचं नाही असं आपलं ठरलंय, मी मोडतोय, शिव्या घाल. तुझा फ्लॅग खाली होता, कीपरला उचलून नेलं, आणि रात्री मी तुला डोकं खाऊन सांगत होतो की नियमांच्या पुस्तकाप्रमाणे तू बरोबर आहेस, दुसरा पोरगा ऑनसाइड होता, थांबणं भागच होतं. तू म्हणालास, पुस्तक त्याच्या बरगड्यांना वाचून दाखव. मग तू किती दिवस बोलला नाहीस. मी तेव्हा मनात म्हणत होतो किती नाटकी आहे हा. आता मी नियमात बसणारा फ्लॅग देऊन झोपेविना पडलोय आणि मला नाटकी म्हणायला जवळ तूही नाहीस.

मास्तरांनी मॅचआधी काय सांगितलं होतं माहितीये? "उशिरा द्या, टीव्हीवर देतात तसा." इथे माझं डोकंच फिरतं. टीव्हीवरचं थांबणं वेगळं आणि आपलं वेगळं, हे लोकांना कळत का नाही? त्यांच्या मागे व्हीएआर बसलाय, व्हिडिओ बघून निर्णय तपासणारा रेफरी. गोल झाला आणि ऑफसाइड निघाला तर रद्द करता येतो, पण शिट्टी मारून थांबवलेला हल्ला परत सुरू करता येत नाही, म्हणून अटीतटीचं असेल आणि गोलची संधी समोर असेल तर ते फ्लॅग धरून ठेवतात. आपण थांबतो ते नक्की कोण खेळतंय हे बघायला. आपल्यामागे कोणी नाही, बेंचवरच्या जाड्याशिवाय. आणि त्यांच्यातही हे फुकट येत नाही. मार्च २०२१ला वुल्व्ज-लिव्हरपूल मॅचमधे लिव्हरपूलचा सालाह ऑफसाइड होता, फ्लॅग खाली, खेळ चालू, आणि वुल्व्जच्या कीपरच्या, पात्रिसिओच्या, डोक्यात त्याच्याच डिफेंडरचा, कोडीचा, गुडघा बसला, फ्लॅग त्यानंतर वर. मग मे २०२५ला नॉटिंगहॅम फॉरेस्टचा आवोनियी. त्याच्याच टीमचा एलांगा स्पष्ट ऑफसाइड होता, फ्लॅग वर आला नाही, क्रॉस आला, आवोनियी पोस्टवर आपटला, पोटाला इतकं लागलं की ऑपरेशन करून त्याला कोमात ठेवावं लागलं. तू बघितलीस ना ती क्लिप? मी अर्ध्यातच बंद केली. मास्तरांना हे सांगितलं तर म्हणाले, लाखात एक होतं रे असं. त्यांच्या लाखात एक होत असेल, आपल्या दोघांच्या वाट्याला अख्खं एक आलंय.

दुसरी बाजू पण बोलतो, नाहीतर तू म्हणशील एकतर्फी लिहितोय. लवकर हात वर जाणं ही सवय लागली तर मी संपलो. डोळा तसाही पळणाऱ्याला जिथे आहे त्याच्या थोडा पुढेच दाखवतो, म्हणजे आधीच आपला कल फ्लॅग देण्याकडे. त्यात ऑफसाइडच्या रेषेच्या एक पाऊल पुढेमागे उभं राहिलं तर लांबच्या टोकाचा माणूस उगाच ऑफसाइड नाहीतर उगाच ऑनसाइड दिसणार, त्या डच लोकांनी २०००मधे 'नेचर'मधे तेच तर छापलं होतं, जो पेपर तू मला प्रिंट काढून दिलास आणि स्वतः वाचला नाहीस. आणि तुझं ते "कानाने दे"! डोळे डिफेंडरच्या रेषेवर ठेव, किकचा धप्प आवाज कानाने पकड. अरे चाळीस मीटरवरून आवाज यायला एक दशांश सेकंदाहून जास्त लागतो, तेवढ्यात सुटलेला स्ट्रायकर जवळपास मीटरभर पुढे जातो, म्हणजे चोख ऑनसाइडवाला तुझ्या कानाने ऑफसाइड. त्या भांडणात मी बरोबर होतो, आता तरी कबूल कर. जवळच्या पासला तुझं चालतं, एवढं देतो तुला.

पण रविवारचं त्यातलं काही नव्हतं. रेषेत होतो, बाजूबाजूने पावलं टाकत, छाती मैदानाकडे, फ्लॅग उजव्या हातात. नऊ नंबरची पोझिशन मी झोपेत सांगेन. प्रश्न फक्त त्यापुढच्या अर्ध्या सेकंदाचा आहे: बॉल नऊकडे पडत होता की अकराकडे? अकराकडे पडत होता आणि नऊ वळणार होता असं असेल, तर मी एका पोराचा गोल खाल्ला. कीपर आणि नऊ एकाच रेषेत येत होते असं असेल, तर मी नेमकं तेच केलं जे करायला हवं होतं. कोणाकडे व्हिडिओ नाही. एका पालकाने मोबाइलवर घेतलाय म्हणे, पण त्यात सगळा वेळ त्याचाच मुलगा दिसतो, आणि तो बसला होता बेंचवर.

आता फायनल. मास्तर परत मधे, मला परत लाइन, आणि म्हणाले, "फक्त घाई नको करूस." मी हो म्हटलं. पण मला मॅचआधीच्या बोलण्यात सरळ सांगायचंय की बाकी सगळीकडे मी थांबेन, कीपर बाहेर आला आणि ऑफसाइडवाला त्याच्यावर जात असला की नाही थांबणार, तुम्हाला शिट्टी मारायची नसेल तर मला हाताने फ्लॅग खाली घ्यायची खूण करा, अधिकार तुमचाच आहे. असं बोलावं का? ते दुसरा माणूस घेतील कदाचित. घेऊ देत. पण फायनल आहे रे, मलाही हवीये.

आणि एक, जे मी तुला तेव्हा विचारायला हवं होतं त्याऐवजी पुस्तक वाचून दाखवत बसलो. त्या दिवशी तुझा हात खाली होता तेव्हा तू बघत होतास, दुसरा पोरगा पोचतोय म्हणून ठरवून थांबला होतास, की "उशिरा द्या" सांगितलं होतं म्हणून नुसता थांबला होतास? खरं सांग. मी कोणाला सांगणार नाही आणि मत तर मुळीच देणार नाही. मला फक्त कळायचंय की तुझा अर्धा सेकंद तुला आठवतो का.

बाकी नव्या नोकरीबद्दल अभिनंदन, बॉस तसाच निघाला ना, मी म्हटलं होतं. पिल्लूच्या पहिल्या मॅचचा फोटो बघितला, मोजे खाली आहेत तिचे, वर करायला सांग, शिन गार्ड दिसतायत. वहिनींना सांग लग्नाचं मी विसरलो नव्हतो, खरंच ड्यूटी होती.

फायनल येत्या रविवारी आहे, मास्तरांशी शनिवारी बोलायचंय, त्याच्या आत उत्तर दे. आणि व्हॉइस मेसेज पाठवू नकोस, त्यात तू अर्धा वेळ चहा पीत असतोस. टाइप कर.

तुझा,
विन्या