सहस्रकुंडला रविवारची गाडी सोडून तर बघा

मा. संपादक,

जंगल आणि रेल्वे पर्यटन म्हटलं की आपल्याकडं लगेच नवीन लाईन, आलिशान डबे, काचेचं छत अशी मोठमोठी बोलणी सुरू होतात. डेक्कन ओडिसी ही आलिशान पर्यटन गाडी २००४ पासून आहे, पण तिचं भाडं सामान्य माणसाला परवडतं का? माझं म्हणणं साधं आहे. मुदखेड-आदिलाबाद लाईन आधीच भोकर, हिमायतनगर, किनवट करत सागवानाच्या जंगलाजवळून जाते आणि त्यावर पैनगंगेवरच्या सहस्रकुंड धबधब्यासाठी सहस्रकुंड नावाचं स्टेशनसुद्धा आहे, मग नवा रूळ टाकायची गरजच काय?

पावसाळ्यात नांदेडहून दर रविवारी सकाळी एक साधी गाडी सोडा, संध्याकाळी परत आणा, एवढंच. मध्य प्रदेशात पातालपाणी-कालाकुंडला जुन्या मीटरगेजवर (अरुंद रुळांवर) २०१८ मध्ये अशीच टुरिस्ट गाडी सुरू केली, धबधबे आणि बोगदे बघायला.

पण व्यवहार्य आहे का हे प्रामाणिकपणे तपासलं पाहिजे. धबधबा बारमाही नाही, उन्हाळ्यात सागाची पानं झडून सगळं रान उघडं पडतं, म्हणजे सीझन पावसाळा आणि पुढचे थोडे दिवस एवढाच. खरी अडचण तर स्टेशनवर उतरल्यावर आहे. पुढं धबधब्यापर्यंत एसटी किंवा जीप ठरलेली नसेल तर लेकराबाळांना घेऊन आलेला माणूस पुन्हा येणार नाही, तो आपली फोरव्हीलरच काढणार. आणि वर इसापूर धरणातून पाणी सोडलं की पैनगंगा बघता बघता चढते, त्यामुळे गाडीचं वेळापत्रक आणि धरणाचा इशारा एकमेकांना जोडलेला पाहिजे, कठड्याजवळ माणसं पाहिजेत. यात ढिलाई चालणार नाही.

नदीपलीकडं पैनगंगा अभयारण्य आहे, तिथं गोंगाट नकोच. मेळघाटातून जाणाऱ्या जुन्या अकोला-खंडवा मीटरगेज मार्गाचं काय झालं बघा, नवी ब्रॉडगेज (रुंद रुळांची लाईन) वाघांच्या जंगलातून न्यायची की बाहेरून यावरच वर्षं गेली. आपल्याकडं रूळ आहेत तेच वापरायचेत म्हणून ते भांडण नाही, फक्त रात्रीची फेरी नको आणि डीजे तर अजिबात नको. जेवणाचं काम तिथल्या गोंड, कोलाम, आंध या आदिवासी समाजांतल्या बायकांच्या बचत गटांना द्या, नांदेडच्या ठेकेदाराला नको.

खासदारांनी एका पावसाळ्यापुरती ही गाडी मागून घ्यावी आणि दर रविवारी किती तिकिटं खपली ते आकडे तुम्ही पेपरात छापावेत.

आपला एक वाचक,
नांदेड