रेक्टर झालेल्या मुलास

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

पोरांना फादर घडवणाऱ्या सेमिनरीचा तू रेक्टर, म्हणजे प्रमुख झालास हे ऐकून तुझ्या मायनं अख्ख्या आळीत पेढे वाटले. मलाही अभिमान वाटतो. फोनवर सुचलं नाही, ते लिहितो.

प्रत्येक बिशपनं सेमिनरी काढावी असं कॅथलिक चर्चच्या ट्रेंटमधल्या धर्मपरिषदेनं १५६३ मध्ये ठरवलं आणि संत चार्ल्स बोरोमिओंनी पुढच्याच वर्षी मिलानमध्ये ती सुरू केली. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरच्या सेमिनरीला त्यांचंच नाव आहे. एवढं जुनं काम आता तुझ्या हाती आलं आहे.

पोरांच्या शिक्षणात तत्त्वज्ञानाची किमान दोन वर्षं, ईशज्ञानाची चार, आणि शेवटी मुलगा गुरुदीक्षेला, म्हणजे फादर व्हायला लायक आहे का याचा दाखला रेक्टरनं द्यायचा. गेल्या सुट्टीत ओसरीवर बसून तू १९८३ चा कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा समजावून सांगितलास, त्यातली एक गोष्ट मला फार पटली. आध्यात्मिक मार्गदर्शकाला पोराच्या मनातलं सारं ठाऊक असतं, पण दीक्षा द्यावी की नाही हे त्याला विचारायचंच नाही. कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली ऐकणाऱ्या फादरलाही नाही. रेक्टरनं तर पोरांचं कन्फेशन एरवी ऐकूच नये, कुणी आपण होऊन मागितलं तरच. बाबू, हे जिवापाड सांभाळ. पोराला मन मोकळं करायला एक जागा हवी, तिथं बोललेलं त्याच्या निकालात येता कामा नये. कुणी मार्गदर्शकाकडून आडून आडून माहिती काढू लागला, तर तिथंच अडव.

मग तुझ्याकडे उरतं ते डोळ्यांना दिसेल तेवढंच. म्हणून ऑफिसात बसून राहू नको. पोरं भांडी घासताना बघ, मॅच हरल्यावर बघ. स्वयंपाकीणबाईला अरेरावी करणारा पोरगा उद्या फादर झाला, की माझ्यासारख्या कास्तकाराला दारातूनच परत लावील. धर्मगुरूंची टंचाई असली तरी निवडीत खंबीर राहा, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंही १९६५ मध्ये सांगितलंच आहे.

पण ज्याला घरी पाठवशील, त्याला नीट पाठव. मी कॅटेकिस्ट होतो, गावात धर्मशिक्षण द्यायचो, तेव्हा अशा एका घरी गेलो होतो. पोरगा आतल्या खोलीत, बाहेर यायला तयार नाही. बाप वावरात निघून गेलेला. पत्रात दोनच ओळी, कारण काही नाही. ती माऊली मला तेच पत्र पुन्हा पुन्हा वाचायला लावत होती, जणू पुढच्या वेळी आणखी काही निघेल. गावात कुजबुज सुरू झालीच होती, की यानं तिथं काय केलं असेल.

तू पत्र धाडू नको. आईबापाला बोलावून समोर बसव, चहा पाज, आणि पोराच्या देखत सांग की यानं काही गुन्हा केलेला नाही. शंका असेल तर ती दुसऱ्या वर्षीच बोल, सहाव्या वर्षापर्यंत झुलवत ठेवू नको. त्याच्या हाती बी.ए.ची पदवी असेल एवढंही बघ, म्हणजे घरी आल्यावर त्याला पोटापाण्याचा मार्ग राहील. आणि नंतर महिन्या-दोन महिन्यांनी त्याच्या घरी एक चक्कर टाक. तुझी गाडी दारात उभी दिसली की गावाची तोंडं बंद होतात.

कपाशीची वेचणी सुरू आहे, मजूर मिळत नाहीत. नाताळानंतर चार दिवस येणं जमेल का ते मायला कळव.

तुझा,
बाबा